परकी सत्ता आणि आमची मोटर

७ मे, बुधवार

आजपासून मी सायबर सुरक्षा समन्वय अधिकारी आहे. सकाळी साडेदहापर्यंत नव्हतो.

जळगावहून तातडीचं परिपत्रक आलं. सीमेवरची परिस्थिती पाहता परकी सत्ता संगणकामार्गे हल्ला करण्याची शक्यता आहे, तरी प्रत्येक नगरपरिषदेने आजच्या आज एक अधिकारी नेमून नाव कळवावं. मी आवक-जावक लिपिक. शिक्का मारला, नंबर टाकला, कागद मुख्याधिकारी मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडमनी वाचून मान वर केली तर समोर मीच उभा. "बिऱ्हाडे, तुम्ही मोबाईलवर पेपर वाचता ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. नेमणूक झाली.

यंत्रणेचं ठिकाण कुठेही उघड करू नये, असं परिपत्रकात आहे. म्हणून या वहीत गावाचं नाव लिहीत नाही. अमळनेरच्या पुढे, तापीच्या काठी, एक टाकी आणि एक बसस्टँड असलेलं गाव, एवढं पुरे.

घरी नर्मदाला सांगितलं. ती म्हणाली, "परकी सत्ता राहू द्या. पोराचं काय करताय?"

तिचं बरोबर आहे. प्रशीलला एकतिसावं संपत आलं. चाळीसगावला एका दवाखान्यात एक्स-रे काढतो, निर्व्यसनी आहे, उंची पाच आठ. मार्चमध्ये समाजाच्या वधू-वर परिचय पुस्तिकेत पान ४६ वर त्याचा फोटो आला. दोन महिने झाले, एका मुलीच्या बापाचा फोन नाही. पोरगा हसत म्हणतो, "पप्पा, इथे कोणी विचारत नाही, मस्कतवाले तरी विचारतायत." तिथल्या दवाखान्याचा पाच वर्षांचा करार आहे. ३१ मेपर्यंत हो-नाही कळवायचं आहे. तो हसतो, आणि तो गेल्यावर नर्मदा कांदा नसतानाही डोळे पुसते.

८ मे, गुरुवार

जळगावहून पडद्यावर प्रशिक्षण. शिकवणारा तरुण होता, पण बोलला चांगलं. आता देश एकमेकांवर नुसते बॉम्ब टाकत नाहीत, म्हणाला. वीज घालवतात, पाणी तोडतात. एका देशात ऐन थंडीत लाखो माणसांची वीज बाहेरून बंद केली गेली. दुसरीकडे कारखान्यातली यंत्रं बिघडत होती आणि पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं. आणि कोणी केलं, हे कोणताही देश कबूल करत नाही.

दुपारी मी आपल्याकडे उडवण्यासारखं काय आहे त्याची यादी केली. मॅडमचा लॅपटॉप. करवसुलीचा संगणक. चौकातला कॅमेरा, ज्यात साळुंकीने घरटं केलंय. पंपचालक मगन चहा घेऊन आला होता, तो यादी बघून म्हणाला, "आबा, मोटर बी मोबाईलवरच शे ना."

मी विसरलोच होतो. नदीवरची मोटर गावापासून चार किलोमीटर. पूर्वी मगनला सायकलवर जावं लागायचं. फेब्रुवारीत तिथे शेतकरी लावतात तसला मोबाईल स्टार्टर बसवला. फोन लावला की मोटर सुरू, पुन्हा लावला की बंद, आणि आतली बाई तसं सांगते. नगरपरिषदेच्या नावाने सिमकार्ड घ्यायचं तर ठराव लागला असता, तेव्हा मी माझं दुसरं कार्ड देऊन टाकलं. त्या नंबरवर तसाही सावद्याचा मेव्हणा अभिमन सोडून कोणी फोन करत नसे. त्याच्यासाठीच तो नंबर ठेवला होता. तेव्हापासून अभिमनचा फोन लागत नाही, हा वेगळा फायदा.

म्हणजे तीस हजार लोकांचं पाणी एका सिमकार्डावर आहे. झोप लागली नाही असं लिहिणार होतो, पण लागली.

९ मे, शुक्रवार

हल्ला झाला.

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी टाकी भरून वाहू लागली. मगन माझ्यासमोर बसून शेव-मुरमुरे खात होता, त्याचा मोबाईल टेबलावर होता. दोन्ही हात तेलकट. "मी नही लाया फोन," तो म्हणाला. मग आठवून, "मार्चपास्नं असंच व्हस, आबा. माले वाटे लाईनमुळे व्हस."

मार्चपासून! आणि आम्ही महावितरणला पत्रं लिहीत होतो.

मॅडम गंभीर झाल्या. टाकीतलं जादा पाणी कुठेतरी सोडणं भाग होतं, ते वॉर्ड चारला सोडलं. तिथे चौथ्या दिवशी पाणी येतं, आज दुसऱ्याच दिवशी आलं.

१० मे, शनिवार

संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं, शस्त्रसंधी झाली. शेजारी फटाके वाजले. सहा वाजून वीस मिनिटांनी मोटर सुरू झाली, साडेसहाला बंद, पावणेसातला पुन्हा सुरू. मोटरीला शस्त्रसंधीचं कोणी कळवलेलं दिसत नाही.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. विहारात वंदना, मग खीर. बाहेरगावचे पाहुणे आलेले, सगळे गप्पांत. आणि इकडे दिवसभरात हल्ले नऊ. आजवरचा उच्चांक. ज्या दिवशी घराघरांत माणसं एकत्र बसलेली असतात, नेमका तोच दिवस शत्रूने निवडला. याचा अर्थ त्याला आमचे सण ठाऊक आहेत.

१४ मे, बुधवार

मोठा शोध लागला. कोणी मोटर सुरू किंवा बंद केली की स्टार्टर त्या नंबराचा मेसेज मगनच्या मोबाईलवर पाठवतो. हे मगनला माहीत होतं. "मग सांगितलं का नाहीस?" "मेसेज कोन वाचस, आबा? बठ्ठा जाहिरातीच येतस."

सगळे उतरवून काढले. मार्चपासून सतरा वेगवेगळे नंबर, एकूण हल्ले एकसष्ट. नंबर दिसायला इथलेच आहेत, पण शत्रू इथले नंबर वापरतो हे प्रशिक्षणात सांगितलंच होतं. हल्ले सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी सहा ते आठ. दुपारी एक ते चार एकही नाही. रविवारी दुप्पट.

एक नंबर मात्र बुचकळ्यात टाकतो. तो मोटर सुरू करतो आणि मिनिटभरात पुन्हा फोन लावून बंद करतो. प्रत्येक वेळी. पाण्याचा थेंबही वाया जाऊ देत नाही. मी त्याच्यापुढे 'सभ्य शत्रू' अशी खूण केली आहे. तिकडच्या सरकारी नोकरीत मनाविरुद्ध काम करणारा कोणी असावा.

नंबरांवर फोन लावून बघावा असं एकदा मनात आलं. पण हल्लेखोराशी परस्पर संपर्क साधू नये, असा नियम क्रमांक सहा आहे. यादी तीन प्रतींत जळगावच्या सायबर पोलिसांना पाठवली. खरं सांगायचं तर मला बरं वाटतंय. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे कागद नोंदवले. आज पहिल्यांदा स्वतःचा कागद नोंदवला.

१७ मे, शनिवार

प्रशील आला. मस्कतवाल्यांनी करार पाठवलाय, फक्त सही राहिली आहे. जेवताना तोच विषय. नर्मदा म्हणाली, फोटो चुकला असेल. मी म्हणालो, फॉर्म चुकला असेल, तो भरला कोणी? "माझ्या भावाने भरला," ती म्हणाली. "अभिमनने स्वतः जळगावला नेऊन दिला, मोत्यांसारख्या अक्षरात. तुम्हाला वेळ होता का?"

अभिमनचं अक्षर चांगलंच आहे.

१९ मे, सोमवार

वॉर्ड चारच्या बायकांचा मोर्चा आला. मॅडमना वाटलं, हल्ल्यांच्या निषेधार्थ असेल. मी पाणीपुरवठ्याला असलेल्या धोक्याची माहिती द्यायला पुढे झालो.

पुढच्या मंजुळाबाई म्हणाल्या, "भाऊ, ते हल्लाबिल्ला काय शे ते ऱ्हाऊ द्या. दहा दिन झायात, रोज पानी येस."

"अहो, परकी सत्ता आहे ती."

"मंग तिलेच ठेवा ना नगरपालिकामा."

बसस्टँडवर फलक लागलाय : 'दररोज पाणी! माजी नगरसेवक नवलभाऊंच्या पाठपुराव्याला यश.' फोटोत नवलभाऊ हात जोडून उभे आहेत. देशाच्या सुरक्षेची कोणाला पडलेली नाही.

२१ मे, बुधवार

जळगावहून फोन. सायबर पोलिसांनी सगळ्या नंबरांवर चौकशी सुरू केली आहे. सभ्य शत्रूचा माग लागला. धुळ्याची एक तरुणी निघाली, साक्षी प्रेमराज सोनवणे, आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा अभ्यासक्रम शिकवते. वीजतंत्री! सगळं जुळतंय. उद्या तिला तिच्या वडिलांसह जळगावला बोलावलंय, आणि तक्रारदार म्हणून मलाही.

धुळ्यासारख्या गावात शत्रूने माणसं पेरली. विश्वास बसत नाही. मला वाटलं होतं, निदान कराची तरी असेल.

२२ मे, गुरुवार

हे लिहायला मन होत नाही, पण लिहितो.

पोलीस कचेरीत फौजदार मॅडम, समोर सोनवणे बापलेक. प्रेमराज सोनवणे एसटीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, पांढरा शर्ट, खिशाला पेन. मला बघून ताडकन उभे राहिले. "हेच का ते? आमच्या मास्तरणीला अतिरेकी म्हणणारे?"

फौजदार मॅडमनी त्यांना बसवलं आणि विचारलं, "तुम्ही या नंबरवर फोन का लावत होता?"

सोनवण्यांनी पिशवीतून वधू-वर परिचय पुस्तिका काढली. पान ४६ उघडलं. माझ्यासमोर माझा मुलगा, निळ्या शर्टात. खाली अभिमनच्या मोत्यांसारख्या अक्षरावरून छापलेलं : संपर्क, आणि पुढे मोटरीचा नंबर.

फौजदार मॅडम म्हणाल्या, "बिऱ्हाडे, हा नंबर कोणाचा?"

"माझा होता," मी म्हणालो. "आता मोटरीचा आहे."

त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

सोनवणे आता कोणाला सोडायला तयार नव्हते. "मार्चपासून फोन करतोय. दर वेळी एक बाई सांगते, मोटर चालू झाली आहे. मी घरी म्हटलं, मे महिन्यात यांच्या मोटरीला पाणी आहे म्हणजे माणसं दमदार असणार. पुस्तिकेत शेती नाही लिहिलंय, म्हणजे सांगत फिरत नाहीत. घर चांगलं आहे. फोन लावत राहा."

"पप्पा, मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं, तो स्टार्टर आहे," साक्षी म्हणाली. मग माझ्याकडे वळून : "काका, मी ऐकल्याबरोबर ओळखलं. म्हणून पप्पांनी माझ्या मोबाईलवरून फोन लावला की मी लगेच दुसरा लावून बंद करायचे. कोणाचं तरी पाणी वाहून जात असेल."

"पण एकदा कळल्यावर पुन्हा पुन्हा का लावला?" मी विचारलं.

"मेसेज जातो ना मालकाला. वाटलं, कधीतरी कोणीतरी वाचेल आणि उलट फोन करेल. अकरा वेळा लावला." मग ती म्हणाली, "तुमच्याकडे मेसेज कोणीच वाचत नाही का?"

नियम क्रमांक सहा तिला काय सांगणार.

उरलेल्या सोळा नंबरांची यादी फौजदार मॅडमनी वाचली. मुलींचे बाप, काका, एक आत्या. दोन महिन्यांत सतरा घरांनी माझ्या मुलाची चौकशी केली होती. आणि या आठवड्यात त्या सतराही घरांना पोलिसांचा फोन गेला होता, माझ्या सहीच्या पत्रावरून.

निघताना मी सोनवण्यांना जयभीम घातला. त्यांनी घेतला, पण म्हणाले, "मुलगा तुमचा चांगला असेल. पण आधी माझ्या पोरीचं नाव कागदावरून काढा. तिची नोकरी आहे. मग बाकीचं."

२३ मे, शुक्रवार

नर्मदाला सांगितलं. मला वाटलं, ओरडेल. ती म्हणाली, "सतरा?" नंतर स्वयंपाकघरात गेली. भांडी आपटल्याचा आवाज नाही. पाच मिनिटांनी बाहेर आली. "सतरा जणांनी विचारलं होतं माझ्या पोराला," म्हणाली. तिचा चेहरा दोन महिन्यांत पहिल्यांदा बरा दिसला.

मग अभिमनला फोन लावून ती जे काय बोलायचं ते बोलली. तो म्हणे, "अक्का, मला दाजींनी एकच नंबर दिलेला आहे." यावर ती माझ्याकडे बघत राहिली. फोन ठेवल्यावरही.

२६ मे, सोमवार

मॅडमनी बोलावलं. जिल्ह्याच्या बैठकीत आमचं कौतुक झालंय. हल्ला ओळखणारी आमची नगरपरिषद एकमेव. पुढच्या महिन्यात धुळ्याच्या कार्यशाळेत मॅडमनी अनुभव सांगायचा आहे.

"अंतिम अहवालात लिहा, संशयास्पद प्रयत्न वेळीच हाणून पाडला," त्या म्हणाल्या. "कोणाचं नाव घेऊ नका. प्रकरण आपोआप मिटेल."

"पण त्या मुलीचं नाव पोलिसांच्या कागदावर आहे, मॅडम."

"बिऱ्हाडे, तुमचे अकरा महिने राहिलेत. खासगी सिमकार्ड सरकारी मोटरीत घातलंत हे तुम्ही स्वतः लिहिणार आहात का?"

त्या वाईट बोलल्या नाहीत. माझ्या भल्याचंच बोलल्या. मी विचार करतो म्हणून उठलो. घरी नर्मदाला विचारलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तसं लिहा. मॅडमला शाल-नारळ मिळेल, तुम्हाला निवृत्ती मिळेल, आणि प्रशीलला विमान."

२७ मे, मंगळवार

अहवाल लिहिला. पस्तीस वर्षांत माझ्या हातचा सर्वांत छोटा कागद :

'नदीवरील मोटरीवर कोणत्याही परकीय सत्तेने हल्ला केलेला नाही. स्टार्टरमधील सिमकार्ड माझे होते. तोच क्रमांक माझ्या मुलाच्या विवाहासाठी छापला गेला होता, ते मी तपासले नाही. फोन करणारे सर्व सतरा जण सज्जन असून त्यांतील कु. साक्षी सोनवणे यांनी प्रत्येक वेळी मोटर बंद करून पाण्याची बचत केली. चूक माझी आहे.'

कोणताही देश कबूल करत नाही, असं तो प्रशिक्षणातला तरुण म्हणाला होता. देशांना जमत नसेल. मला अर्धा तास लागला.

सोबत सतरा घरांना माफीची पत्रं, रजिस्टर पोस्टाने. जावक नंबर मीच टाकले.

२९ मे, गुरुवार

सकाळी मला कारणे दाखवा नोटीस आली. माझ्याच हातात आली. शिक्का मारला, आवक नंबर टाकला, आणि नियमाप्रमाणे स्वतःची सही घेऊन स्वतःला दिली. सात दिवसांत खुलासा.

दुपारी दोनला सोनवणे बापलेक दारात. प्रशील रजा घेऊन आलेला होता, त्याने दार उघडलं. सोनवण्यांच्या हातात माझं पत्र होतं. "सरकारी माणसाने चूक कबूल केलेला कागद मी नोकरीत असताना एकदाही पाहिला नाही," ते म्हणाले. "म्हटलं, माणूस बघून येऊ."

नर्मदा पोहे करायला वळली, तर साक्षी म्हणाली, "काकू, नंतर. आधी मोटर बघू. ती अजून तशीच उघडी आहे."

नदीवर गेलो. तिने स्टार्टरचं झाकण उघडलं, मगनला दहा प्रश्न विचारले, त्यांतल्या नवांवर मगन म्हणाला, "माले ठाऊक नही, ताई." ठरवलेले नंबर सोडून कोणाचाच फोन घ्यायचा नाही, अशी सोय त्यात पहिल्यापासून होती. कोणी लावली नव्हती. सिमकार्डही तिने नवीन घालायला लावलं. माझा, मगनचा आणि मॅडमचा नंबर घातला. "अजून एक पाहिजे, अडीअडचणीला."

"माझा घाला," प्रशील म्हणाला. पाहुणे आल्यापासूनचं त्याचं पहिलं वाक्य.

मग मोटर सुरू करून बघितली. ती दोघं तिथेच उभी राहून काहीतरी बोलत होती, मी आणि सोनवणे बांधावर. मोटरीच्या आवाजात एक अक्षर ऐकू येत नव्हतं. एकदा प्रशीलने हातवारे करून काहीतरी सांगितलं, बहुधा एक्स-रेचं, आणि ती हसली.

"काय बोलत असतील?" सोनवण्यांनी विचारलं.

"मोटर बंद करायला सांगू का?"

"नको," ते म्हणाले. "टाकी भरू द्या."

३१ मे, शनिवार

प्रशीलने अंगणात उभं राहून मस्कतच्या एजंटला फोन केला. आम्ही दोघं आत, कान बाहेर. "नाही जमणार," म्हणाला. एजंटने कारण विचारलं असावं. "अजून काही नक्की नाही," प्रशील म्हणाला, "पण नाही जमणार."

दुपारी सोनवण्यांचा फोन आला. माझ्या खऱ्या नंबरवर. उद्या घर बघायला येतात. मुलीचे मामा, मावशी, दोन्ही चुलते धरून चौदा माणसं.

नर्मदाने मोजलं, तिच्या चेहऱ्याचा रंग बदलला. "अहो, उद्या आपल्या वॉर्डाला पाणी कुठे आहे?"

खरं आहे. हल्ले थांबल्यापासून गाव पुन्हा चौथ्या दिवसावर आलंय. आमची पाळी मंगळवारी. मंजुळाबाई रस्त्यात भेटल्या तरी माझ्याशी बोलत नाहीत, आणि नवलभाऊंनी फलक काढून घेतला. नर्मदा म्हणाली, मगनला एक शब्द टाका. मी म्हणालो, नोटिशीचा खुलासा अजून द्यायचा आहे, मी पाळी मोडून पाणी मागणार नाही. तिने शेजारून दोन पिंपं मागून आणली. दोन्ही रिकामी.

१ जून, रविवार

सकाळी सात वाजता आमच्या नळाला पाणी आलं. चांगलं जोरात. टाकी भरून वाहत होती, म्हणून मगनने जादा पाणी आमच्या वॉर्डाला सोडलं म्हणे. नर्मदाने पिंपं, हंडे, बादल्या, कुकरसुद्धा भरून घेतला. शेजारचेही भरत होते आणि मोठमोठ्याने माझं नाव घेत होते.

प्रशील पायरीवर बसून बूट पुसत होता. मोबाईल शेजारी पालथा ठेवलेला.

"पाणी आलं," मी म्हणालो.

"हो का," तो म्हणाला.

समन्वय अधिकारी म्हणून मी चौकशी करायला हवी होती. पण आज रविवार आहे, आणि चौदा माणसांना अंघोळ करून सामोरं जायचं आहे.